घाट इंजिनाने चढला, उतरवला कोणी?

१.
कसारा घाटातील रेल्वेचा इतिहास मराठीत शेकडो वेळा सांगून झाला आहे, आणि दर वेळी तो एकाच दिशेने सांगितला गेला आहे: खालून वर. कोकणपट्टी संपते, सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते, ब्रिटिश अभियंते येतात, बोगदे खोदले जातात, दरीवर पूल उभा राहतो, गाडीला मागून बँकर इंजिन जोडले जाते आणि धापा टाकत ती इगतपुरीला पोहोचते. तेथे कथा संपते. पावसाळा आला की याच कथेला धबधबे आणि धुके जोडून चित्रफिती फिरू लागतात. मालिकेचा हा भाग त्या कथेच्या विरोधात आहे. ती खोटी आहे म्हणून नव्हे. ती अर्धी आहे, आणि जो अर्धा भाग गाळला जातो तोच अधिक अवघड होता.

२.
ज्या मार्गाने गाड्या वर जातात, त्याच घाटातून त्या खालीही येतात. चढताना इंजिन कमी पडले तर गाडी थांबते. वेळ जातो, प्रवासी कुरकुरतात, मदतीला दुसरे इंजिन येते. उतरताना ब्रेक कमी पडला तर यांपैकी काहीही घडायला अवधी मिळत नाही. असे असूनही नाशिक जिल्ह्याच्या या टोकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी इंजिनांच्या अश्वशक्तीचे आकडे तोंडपाठ केले, आणि गाडी आवरून धरणाऱ्या लोखंडी ठोकळ्याबद्दल एक परिच्छेद लिहिण्याचे कष्ट घेतले नाहीत.

रेल्वेच्या परिभाषेनेही यात भर घातली आहे. मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईपासून दूर जाणारी ‘डाउन’. त्यामुळे इगतपुरीहून सुमारे तीनशे मीटर खाली कसाऱ्याला उतरणारी गाडी कागदोपत्री ‘अप’ असते!

३.
आधी ठोस गोष्टी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पुढे दख्खनवर जाण्यासाठी दोन वाटा ठरल्या: पुण्याच्या दिशेने भोर घाट आणि नाशिकच्या दिशेने थळ घाट, ज्याला आज सर्रास कसारा घाट म्हटले जाते. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने दोन्ही घाटांची आखणी केली. दोन्ही पूर्ण झालेले पाहण्याआधीच १८६२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला, थळ घाट १८६५ मध्ये. दोन्हीकडे सर्वांत तीव्र चढण १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवतो न जाणवतो. पोलादी रुळावर पोलादी चाक ठेवले की तो वेगळाच पदार्थ होतो, कारण पोलादावर पोलाद फारसे घासत नाही. रेल्वेचा सगळा फायदा त्यातच आहे आणि घाटातला सगळा धोकाही त्यातच.

४.
आता थोडा हिशेब करू या, कारण इतिहासप्रेमी मंडळी आकड्यांना फार लवकर कंटाळतात आणि त्यामुळेच फसतात.

एक हजार टन वजनाची गाडी घ्या. आजच्या लांब प्रवासी गाडीचे वजन साधारण तेवढे असते. १:३७ उतारावर गुरुत्वाकर्षण तिला सुमारे २७ टन जोराने खाली ओढते. ती तीनशे मीटर खाली आली की तिने गमावलेली ऊर्जा भरते सुमारे ८०० युनिट. वीजबिलावर असतात तीच युनिटे. एवढ्या उष्णतेत नऊ हजार लिटरहून अधिक पाणी उकळेल. चाकांचा आणि हवेचा स्वाभाविक रोध यातला साधारण दहावा हिस्सा खातो. उरलेली सगळी ऊर्जा कोठेतरी घालवावीच लागते. ती घालवली नाही तर ती गाडीच्या वेगात जाते.

ही गाडी केवळ ब्रेकच्या ठोकळ्यांवर, ताशी ३० किलोमीटर वेगाने, पंधरा किलोमीटर उतरवली असे धरा. अर्धा तास लागेल. बावीस डब्यांची १७६ चाके. म्हणजे प्रत्येक चाकापाशी एक किलोवॅटच्या आठ शेगड्या अर्धा तास अखंड पेटवून ठेवल्यासारखे झाले. घाट उतरणे म्हणजे हे.

५.
ही उष्णता ज्याच्यातून निर्माण होते तो ठोकळा दोन हातांनी सहज उचलता येतो. बोलण्यात त्याला ब्रेक शू म्हणतात, कारखान्यांत ब्रेक ब्लॉक. चाकाच्या गोलाईला बसेल असा बाक दिलेला, मागे पाठ, आणि ती पाठ ब्रेक हेडमध्ये एका लोखंडी पाचरीने अडकवलेली. चालकाने ब्रेक लावला की दांडे आणि तरफा हलतात आणि ठोकळा चाकाच्या धावेवर दाबला जातो. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी पट्टीला मराठीत धाव म्हणतात. तोच शब्द येथेही चपखल बसतो. घाट उतरताना चाकाला लाकूड दाबून धरणाऱ्या गाडीवानाला ही कल्पना समजावून सांगावी लागली नसती. फरक एवढाच की त्याच्या गाडीत दोन चाके होती आणि पाठीमागे शेकडो टन नव्हते.

६.
१८६५ साली थळ घाट उतरणाऱ्या गाडीकडे ब्रेक म्हणून काय होते? सगळ्या डब्यांना एकाच वेळी लागणारा, चालकाच्या हातातील सलग ब्रेक तेव्हा जगात कोठेच रुळला नव्हता. इंजिनावरचा ब्रेक, आणि ब्रेकव्हॅनमध्ये उभ्या असलेल्या माणसाने हाताने फिरवायचे चाक. चालकाने शिट्टी द्यायची, ती ऐकून ब्रेक्समनने चाक आवळायचे. सह्याद्रीतील पावसात, दरीतून घोंगावणाऱ्या वाऱ्यात ती शिट्टी ऐकू जायला हवी, हे गृहीत धरलेले. साम्राज्याच्या अभियांत्रिकी चमत्काराचा अर्धा भार अशा रीतीने एका माणसाच्या कानांवर आणि मनगटांवर टाकलेला होता. बर्कलेचे नाव प्रत्येक लेखात येते. त्या माणसांपैकी एकाचेही येत नाही.

हा भार किती खरा होता ते जानेवारी १८६९ मध्ये भोर घाटात दिसले. दोन्ही घाटांत तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन असे. तेथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा टप्पा उतरायची. त्या दिवशी उतरणारी गाडी आवरली गेली नाही आणि थेट रिव्हर्सिंग स्टेशनच्या टोकावर जाऊन आदळली. अपघाताचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. घाटांच्या गौरवगाथांसोबत ते क्वचितच छापले जाते.

पुढे दोन्ही घाटांत कॅच साइडिंग आले: मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा आंधळा फाटा. गाडी ताब्यात आहे हे चालकाने सिद्ध केल्याखेरीज काटा मुख्य मार्गाला लागत नाही. बेभान गाडी आपोआप फाट्यावर चढते आणि दमते. चालकाच्या शब्दावर, वेळापत्रकावर किंवा साहेबाच्या हुकुमावर विश्वास न ठेवणारी ही रचना आहे, आणि थळ घाटातील कोणत्याही पुलापेक्षा ती अधिक शहाणी आहे.

७.
भाषेनेही ब्रेकवर अन्याय केला आहे. वृत्तपत्रांचे मथळे पाहावेत: प्रकल्पाला ब्रेक, विकासाला ब्रेक, विजयी घोडदौडीला ब्रेक. थांबवणे म्हणजे खीळ घालणे, खो घालणे, आडवे येणे. पुढे जाणे एवढेच काय ते पुण्य! ज्या प्रदेशाच्या दोन मुख्य लोहमार्गांचे जीवन दीडशे वर्षे ब्रेकवर टांगलेले आहे, त्या प्रदेशाच्या भाषेत या शब्दाला एकही चांगला अर्थ मिळू नये, हे विचित्रच.

८.
आता मुख्य गैरसमजाकडे. अभियांत्रिकीच्या लोकप्रिय इतिहासात प्रगतीची एक सोपी शिडी असते: आधी कमकुवत वस्तू, मग मजबूत, मग त्याहून मजबूत. ब्रेक शूलाही हीच शिडी लावली जाते. लाकूड गेले, बिडाचे लोखंड आले, मग संमिश्र ठोकळा आला, आता भुकटी दाबून भाजलेल्या धातूचा येत आहे. ऐकायला छान. मात्र ‘मजबूत’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न या शिडीवर कोणीच विचारत नाही.

ठोकळा चाकापेक्षा कठीण केला तर काय होईल? चाक झिजेल. चाक बदलायचे तर डबा उचलावा लागतो, धुरा बाहेर काढावा लागतो, धावेची गोलाई यंत्रावर पुन्हा कातावी लागते. ठोकळा बदलायचा तर पाचर काढायची, जुना टाकायचा, नवा बसवायचा, पाचर ठोकायची. म्हणून झिजायचे कोणी, हे आखणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. ठोकळा झिजण्यासाठीच घडवलेला आहे. चंदनासारखे झिजणे हा मराठीतील केवढा तरी गौरवाचा वाक्प्रचार. या ठोकळ्याच्या वाट्याला मात्र तो कधी आला नाही.

९.
बिडाच्या ठोकळ्याचा स्वभाव जगाला नीट कळला तो १८७८-७९ मध्ये. डग्लस गॅल्टन या इंग्रज अभियंत्याने जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या साहाय्याने लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेवर खास डबा तयार करून प्रयोग केले. निष्कर्ष धक्कादायक होते. गाडी जेमतेम सरकत असताना ठोकळा आणि चाक यांतील घर्षणांक ०.३३ च्या आसपास. ताशी साठ मैलांवर तो ०.०७ च्या जवळ घसरला. म्हणजे वेग जितका जास्त, तितकी ब्रेकची पकड कमी. ज्या क्षणी पकडीची गरज सर्वाधिक, त्याच क्षणी ती सर्वांत दुबळी. शिवाय ब्रेक जितका वेळ लावून ठेवावा तितकी पकड आणखी ढिली होते. आणि चाक पूर्ण जखडले, फिरायचे थांबून रुळावर घसरू लागले, तर गाडी लवकर थांबण्याऐवजी उशिरा थांबते, वर चाकाला सपाट चट्टा पडतो तो वेगळाच.

हे तिन्ही निष्कर्ष थळ घाटाच्या नकाशावर ठेवून पाहावेत. लांब उतार, अखंड लावलेला ब्रेक, आणि वेग एकदा सुटला की पकड घटत जाणार. पकड घटली की वेग आणखी सुटणार. घाटात गाड्यांना सावकाश उतरवण्याचा नियम हा भित्रेपणा किंवा सरकारी सुस्ती नाही. वेग मर्यादेत असेपर्यंतच बिडाचा ठोकळा बोलणे ऐकतो. वरून ‘एवढी हळू का चालते ही गाडी’ असे विचारणाऱ्या प्रवाशाला हे कोणी सांगत नाही.

१०.
मग ठोकळा ‘सुधारायचा’ म्हणजे नेमके काय करायचे? बिडात फॉस्फरस वाढवला गेला: आधी एक टक्क्याच्या आसपास, नंतर त्याहून पुष्कळ अधिक. फॉस्फरसमुळे लोखंडात एक कठीण, ठिसूळ जाळे तयार होते. झीज कमी होते, ठिणग्या कमी उडतात. पण ठिसूळपणा वाढल्याने ठोकळा तडकू लागतो. तडकलेला ठोकळा गळून रुळावर पडू नये म्हणून पाठीत पोलादी पट्टी ओतली गेली. एक गुण मिळवला की दुसरा हातचा जातो, त्याची भरपाई तिसऱ्या ठिकाणी करायची. घरातील पाटा-वरवंटा ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच पटेल: पाटा कठीण हवा, पण टाकी लावता येईल इतकाच.

११.
ठोकळा कितीही चांगला असला तरी तो दाबणारी यंत्रणा हवी. वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक १८६९ चा. गाडी मधूनच तुटली तरी आपोआप लागणारा प्रकार १८७२ मधला. तरीही ब्रिटनमधील कंपन्या खर्चाचे कारण सांगत टाळाटाळ करत राहिल्या. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीला निघालेली, मुलांनी भरलेली गाडी चढावर अडली. मागचे डबे सोडून पुढचे घेऊन जावे असे ठरले. सोडलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे गेली. त्याच वर्षी कायदा झाला आणि प्रवासी गाड्यांना स्वयंचलित सलग ब्रेक सक्तीचा करण्यात आला. तंत्र सतरा वर्षे तयार होते. कमी होती ती फक्त प्रेतांची.

भारतात दीर्घ काळ निर्वात ब्रेक चालला. त्यात ठोकळा दाबायला वातावरणाचाच दाब वापरतात, म्हणजे हाती लागतो प्रत्यक्षात चौरस सेंटीमीटरला पाऊण किलोहूनही कमी जोर. आजच्या हवेच्या ब्रेकच्या नळीत तोच आकडा पाच किलो असतो. जास्त जोर मिळाला, तरी घाटाने नवी अट घातलीच: ब्रेक सारखा लावत-सोडत राहिले तर डब्यांखालच्या हवेच्या टाक्या पुन्हा भरायला वेळ मिळत नाही. म्हणून घाटात चालकाचा हात महत्त्वाचा राहिला, आणि आजही आहे.

१२.
या सगळ्या कथेत खरी क्रांती ठोकळ्याने केली नाही. ती ठोकळ्याला विश्रांती देणाऱ्या यंत्राने केली, आणि येथेही इतिहासकारांनी तिचे श्रेय चुकीच्या कारणासाठी दिले.

१९२८ पासून घाटांसाठी विजेवर चालणारी मालगाडीची इंजिने आली. पुढे डब्ल्यूसीजी-१ या नावाने ओळखली गेलेली ही इंजिने मधोमध सांधलेली, चाकांना जोडणारे दांडे असलेली, चमत्कारिक आवाज करणारी. कर्मचाऱ्यांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटले. खेकड्याचे चाहते आजही त्याच्या ओढण्याच्या ताकदीचे गोडवे गातात. पण या इंजिनाची मोठी करामत उतारावरची होती. उतरताना त्याची मोटर उलट काम करी: गाडीचे वजन चाके फिरवी, चाके मोटर फिरवी, मोटर वीज तयार करी आणि ती वीज वरच्या तारेत परत जाई. उतरणाऱ्या गाडीची वीज त्याच वेळी घाट चढणाऱ्या गाडीला मिळे. चौथ्या भागातील ८०० युनिटांचा मोठा वाटा ठोकळे जाळण्याऐवजी दुसरी गाडी ओढू लागला. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, याच घाटांत! पुनर्निर्मित ऊर्जेचे कौतुक आज नव्या गाड्यांच्या जाहिरातींत वाचणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मात्र यालाही मर्यादा आहे. विजेचा ब्रेक फक्त इंजिनाच्या चाकांवर चालतो, गाडी अगदी सावकाश झाली की तो संपतो, आणि तारेतला प्रवाह घेणारे कोणी नसेल किंवा प्रवाहच खंडित झाला तर तो नाहीसा होतो. त्या क्षणी पुन्हा सगळी गाडी ठोकळ्यांच्या हवाली. संग्रहालयांनी खेकडा जपला, हे योग्यच झाले. त्याच्या शेजारी घाट उतरून पातळ झालेला एक ठोकळा ठेवावा असे कोणाला सुचावे, एवढी तरी अपेक्षा गैर नाही.

१३.
शिडीचे समर्थक येथे संमिश्र ठोकळ्याचा दाखला देतील, आणि तो विचारात घ्यायलाच हवा. राळेत तंतू, भुकट्या आणि धातूचे कण मिसळून, दाबून, भाजून केलेला हा ठोकळा हलका असतो, बिडापेक्षा कितीतरी अधिक टिकतो, आवाज कमी करतो आणि वेग वाढला तरी त्याची पकड बिडासारखी कोसळत नाही. गॅल्टनने दाखवलेला दोष त्याने बराचसा दूर केला. भारतीय मालडब्यांवर तो आता सर्वत्र दिसतो. पूर्वी अशा ठोकळ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची भुकटी फुप्फुसांत जाण्याची किंमत कामगार मोजत होते. टिकाऊपणाच्या गौरवगाथेत तीही ओळ असायला हवी.

पण मोठा प्रश्न उष्णतेचा आहे. बीड उष्णता वाहून नेते, म्हणून तापलेल्या संधीतील बरीच उष्णता ठोकळा स्वतःकडे घेतो. संमिश्र ठोकळा उष्णतेचा मंदवाहक. तो स्वतः टिकतो आणि ताप चाकाकडे ढकलतो. चाक तापते, निवते, पुन्हा तापते. धावेवर बारीक भेगा पडतात, चाकाच्या आत घडवताना मुद्दाम ठेवलेला दाब हळूहळू ताणात बदलतो. टिकाऊ ठोकळ्याची किंमत अशा रीतीने चाक भरते.

हे पुस्तकी भय नाही. १० ऑगस्ट २०२३ रोजी स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड बेस बोगद्यात एका मालगाडीचे चाक तुटले, डबे घसरले आणि जगातील सर्वांत लांब रेल्वे बोगद्यातून पूर्ण वाहतूक सुरू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. तपासात चाकातील थकव्याच्या भेगा पुढे आल्या, आणि संमिश्र ठोकळ्यांमुळे चाकावर येणारा उष्णतेचा ताण हा साऱ्या युरोपात चर्चेचा विषय झाला. गंमत अशी की स्वित्झर्लंडने २०२० च्या आरंभापासून आणि जर्मनीने त्याच वर्षाच्या अखेरीस बिडाचे ठोकळे वापरणारे गोंगाटी मालडबे बंद केले होते, तेही लोकांची झोपमोड होऊ नये या सर्वस्वी रास्त कारणासाठी. शिडीवर एक पायरी चढताना खालची कोणती निखळते, हे मागाहून कळते.

१४.
नाशिककरांना आपल्या शहराचे उद्योग विचारले की ते ओझरची विमाने सांगतील, नोटांचा छापखाना सांगतील. नाशिकरोडजवळ एकलहऱ्याला मध्य रेल्वेचा ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप आहे, हे फार थोडे सांगतील. तेथे विद्युत इंजिनांच्या मोटरी दुरुस्त होतात. बाराव्या भागात जिच्या उलट्या कामाचे वर्णन आले, तीच ही मोटर: ओढणारीही तीच, आवरणारीही तीच. नाशिकरोडलाच १९८८ पासून भारतीय रेल्वेची विद्युत अभियांत्रिकी संस्था आहे, जेथे देशभरातील रेल्वेचे विद्युत अधिकारी शिकायला येतात. म्हणजे गाडी आवरण्याच्या विद्येचे एक मोठे केंद्र याच जिल्ह्यात आहे, आणि जिल्ह्याच्या स्वतःविषयीच्या कथेत त्याला जागा नाही.

याचे कारण उघड आहे. आपल्याला बांधणाऱ्यांचा इतिहास आवडतो, सांभाळणाऱ्यांचा नाही. खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाचे मंदिर आहे. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराची आख्यायिका त्याच्याशी जोडलेली आहे, आणि लोक तेथे आवर्जून हात जोडतात. ती श्रद्धा योग्य आहे. पण तीही वाट सापडण्याचीच कथा. वाट एकदा सापडते. तिच्यावरून गाडी रोज उतरवावी लागते. इगतपुरीत घाट उतरण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाचरी तपासणारा, ठोकळ्याची जाडी नजरेने जोखणारा, जळका वास आला की चिकटलेला ब्रेक ओळखणारा कर्मचारी दीडशे वर्षे या इतिहासाचा दैनंदिन कर्ता आहे. त्याच्या कामाची नोंद तेव्हाच होते जेव्हा ते चुकते.

१५.
यावर एक आक्षेप नेहमी येतो: ब्रेक शू ही किरकोळ वस्तू, इतिहास मोठ्या गोष्टींचा असतो. मग मोठी गोष्ट म्हणजे काय, हे आक्षेपकांनी सांगावे. घाटातील पूल बदलले गेले, रिव्हर्सिंग स्टेशने काढून टाकली गेली, वाफेची इंजिने भंगारात गेली, खेकडे गेले, १५०० व्होल्टची जुनी वीजही २००६ मध्ये इगतपुरीपर्यंतच्या मार्गावरून गेली. १८६५ पासून आजपर्यंत न बदललेल्या गोष्टी दोनच: तीनशे मीटरांची उंची, आणि ती उतरताना तयार होणारी उष्णता घालवण्याची गरज. ज्या प्रश्नाने पाच पिढ्यांची यंत्रे पचवली, त्याला किरकोळ म्हणायचे असेल तर शब्दांचे अर्थ बदलावे लागतील.

दुसरा आक्षेप असा की नव्या डब्यांना ठोकळेच नसतात. खरे आहे, एलएचबी डब्यांच्या प्रत्येक धुऱ्यावर दोन चकत्या असतात आणि ब्रेक चाकाऐवजी त्या चकत्यांना चिमटीत धरतो. धाव वाचते. उष्णता मात्र तेवढीच. ती फक्त चकतीत गेली. मालडब्यांवर ठोकळा आजही चाकालाच दाबला जातो.

१६.
सध्या कसारा ते मनमाड तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची चर्चा आहे आणि घाटात १:१०० चढणीचा नवा मार्ग हवा, म्हणजे बँकर इंजिनांची गरज उरणार नाही, असे सांगितले जाते. पुन्हा तीच दिशा: खालून वर. बँकर वाचेल, चढण सोपी होईल, वेळ वाचेल. उताराचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून तो येथे मांडलेला बरा.

१:१०० वर हजार टनांच्या गाडीला खाली ओढणारा जोर २७ टनांवरून १० टनांवर येतो. ही मोठी सोय आहे, आणि कोणत्याही नव्या ठोकळ्याने दिली असती त्याहून मोठी. पण तीनशे मीटर उतरायला आता तीस किलोमीटर लागतील. तेवढ्या वेळात गाडी आधीच्याच वेगाने उतरली तर प्रत्येक चाकाला उष्णता घालवायला दुप्पट अवधी मिळेल. मार्ग सौम्य झाला म्हणून वेगही दुप्पट केला, ताशी ३० चा ६० केला, तर तीस किलोमीटर पुन्हा अर्ध्या तासात संपतील. ८०० युनिटे तीच, अर्धा तास तोच. स्वाभाविक रोधाचा हिस्सा लांब अंतरामुळे वाढेल, तेवढाच दिलासा. बाकीच्या शेगड्या पूर्ववत पेटलेल्या. आणि वाढलेल्या वेगावर बिडाची पकड किती उरते, ते गॅल्टनने १८७८ मध्येच मोजून ठेवले आहे.

नव्या मार्गिकेच्या जाहीर चर्चेत चढणीचा आकडा ठळक अक्षरांत येतो. उतरत्या गाड्यांचा कमाल वेग, ब्रेकचा प्रकार आणि कॅच साइडिंगच्या जागा हे तीन आकडेही त्याच ठळक अक्षरांत छापावेत, अशी मागणी नाशिकच्या इतिहासप्रेमींनी करायला हरकत नाही.